क्लीव्हलंडच्या यादीतला कोरा रकाना

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड ब्राउन्स या फुटबॉल संघाने २०१७ च्या हंगामात सोळा सामने खेळले आणि सोळाच्या सोळा हरले. आदल्या वर्षी सोळांपैकी एक जिंकला होता. जानेवारी २०१८ च्या कडाक्याच्या थंडीत चाहत्यांनी स्टेडियमभोवती उपरोधाने ‘परिपूर्ण हंगामा’ची मिरवणूक काढली आणि शून्याच्या आकारात गोल चक्कर मारली. इतकी पडझड एका दिवसात होत नाही. मधल्या काळात माणसं बदलली, धोरणं बदलली, आणि २०१६-१७ चे निर्णय ज्यांचे होते त्यांनी ते स्वतःच्या हिशेबाने घेतले होते. तरी या पडझडीचा पंचनामा करायचा तर सुरुवात ८ ते १० मे २०१४ या तीन दिवसांपासून करावी लागते. त्या तीन दिवसांत या संघाला काय हवं आहे हे शहरातल्या टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, संघालाही ठाऊक होतं, आणि तरीही जे व्हायचं ते झालं.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आपल्या वाचकासाठी आधी थोडी ओळख. नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंसाठी बोली लावत नाही. बत्तीस संघ, सात फेऱ्या. गेल्या हंगामात जो सर्वांत वाईट खेळला त्याची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. पाळी आली की घड्याळ सुरू होतं. २०१४ मध्ये पहिल्या फेरीत दहा मिनिटं मिळत, दुसरीत सात. तेवढ्यात नाव कळवायचं. ज्याचं नाव पुकारलं जातं तो त्या संघाचा. कुठे जायचं हे त्याने ठरवायचं नसतं. मात्र संघ आपापल्या पाळ्या एकमेकांना विकू शकतात. आमची चौथी पाळी घ्या, तुमची नववी द्या आणि वर पुढच्या वर्षीची एक पाळी द्या, असा व्यवहार घड्याळ चालू असतानाच फोनवर होतो. हा ड्राफ्ट. यात पैसा खर्च होत नाही, भविष्य खर्च होतं. मे २०१४ चे ते तीन दिवस ड्राफ्टचेच होते.

११ फेब्रुवारी २०१४. ८६ दिवस आधी

मालक जिमी हॅस्लम यांनी क्लबचे मुख्याधिकारी जो बॅनर आणि जनरल मॅनेजर माइक लोंबार्डी या दोघांना घरी पाठवलं. डिसेंबरच्या अखेरीस, शेवटचा सामना संपला त्याच रात्री, त्यांनी मुख्य प्रशिक्षक रॉब चडझिन्स्की यांनाही एका हंगामानंतर काढलं होतं. नवे प्रशिक्षक माइक पेटिन यांची नेमणूक होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. आता जनरल मॅनेजरच्या खुर्चीत रे फार्मर बसले. स्वतः माजी लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतले खेळाडू, खेळाडूंची पारख करण्यात मुरलेले, पण या खुर्चीतला हा पहिलाच ड्राफ्ट. ज्या घराचे मालक, कारभारी आणि आचारी यांची एकमेकांशी अजून नीट ओळखही झालेली नाही, त्या घरात लग्न निघालं होतं.

ड्राफ्ट एरवी एप्रिलच्या शेवटी होतो. त्या वर्षी न्यूयॉर्कचा रेडिओ सिटी म्युझिक हॉल तेव्हा मोकळा नव्हता, म्हणून तारीख मे महिन्यात गेली. विचार करायला दोन आठवडे जास्त मिळाले.

११ एप्रिल २०१४. २७ दिवस आधी

याच दिवशी अमेरिकेत ‘ड्राफ्ट डे’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक आयव्हन राइटमन, नायक केव्हिन कॉस्नर. कॉस्नरने रंगवलेला नायक क्लीव्हलंड ब्राउन्सचाच जनरल मॅनेजर आहे. त्याच्या मालकाला काहीतरी धमाका हवा असतो. मालकाच्या दबावाखाली नायक पहिल्या क्रमांकाची पाळी भारी किमतीला विकत घेतो, सगळ्या देशाला वाटतं की तो गाजलेला क्वार्टरबॅक घेणार, आणि आयत्या वेळी तो ज्याच्यावर त्याचा खरा विश्वास आहे त्या लाइनबॅकरचं नाव कळवतो. चित्रपट बेताचाच आहे. पण चार आठवड्यांनी खऱ्या ब्राउन्सनी जे केलं ते पाहता पटकथालेखकाला जरा जास्तच आशावादी म्हणावं लागेल.

गुरुवार, ८ मे. सकाळ

यादी तयार आहे. ती गुपित नाही. ड्राफ्टच्या आधी महिनाभर वर्तमानपत्रं आणि टीव्हीवाले प्रत्येक संघाच्या उणिवा क्रमवार छापत असतात. ब्राउन्सच्या यादीत सर्वांत वर क्वार्टरबॅक. चेंडू हातात घेऊन डाव चालवणारा हा खेळाडू धड नसेल तर बाकीचे दहा जण कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. मूळ ब्राउन्स १९९५ च्या हंगामानंतर बाल्टिमोरला गेले, १९९९ मध्ये शहराला नवा संघ मिळाला, आणि तेव्हापासून या जागी विसाच्या आसपास माणसं उभी राहून गेली. सध्याचा ब्रायन होयर क्लीव्हलंडच्याच परिसरात वाढलेला. २०१३ मध्ये त्याने सुरुवात केलेले तिन्ही सामने संघाने जिंकले, पण तिसऱ्यात त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. तो अजून सावरतोय.

दुसरी उणीव कॉर्नरबॅकची. प्रतिस्पर्ध्याच्या चेंडू झेलणाऱ्या खेळाडूला सावलीसारखं चिकटून राहायचं हे याचं काम. एका बाजूला जो हेडन आहे, दुसरी बाजू उघडी. मग गार्ड, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढ्यातल्या भिंतीतली एक वीट. मग लाइनबॅकर. मग चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक, कारण २०१२ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या ट्रेंट रिचर्डसनला दुसऱ्याच हंगामात इंडियानापोलिसला विकून टाकलं होतं. त्या व्यवहारातून पहिल्या फेरीची जी पाळी मिळाली तीच आज हातातली सव्विसावी.

आणि वाइड रिसीव्हर, लांबचे पास झेलणारा. या रकान्यापुढे काहींनी ‘तातडीची गरज नाही’ असा शेरा मारला होता, कारण जॉश गॉर्डन होता. गॉर्डनने २०१३ मध्ये १४ सामन्यांत १६४६ यार्ड कमावले. त्या वर्षी सगळ्या लीगमध्ये तो पहिला. पण चौदाच सामने का? तर पहिल्या दोन सामन्यांसाठी तो निलंबित होता, लीगच्या अमली पदार्थविषयक नियमाखाली. पुढची चूक झाली तर शिक्षा महिन्यांत मोजली जाणार होती. आणि गॉर्डनच्या मागे उभा राहील असा दुसरा कोण? कुणी नाही. सारा भार एका खुंटीवर, आणि ती खुंटी हलतेय हे घरातल्या सगळ्यांनी पाहिलेलं.

त्यात या वर्षी कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या रिसीव्हरांचं पीक असं आलेलं की जुनेजाणते पारखीही थक्क झाले होते. आज मागे वळून पाहताना ते इतिहासातल्या सर्वोत्तम पिकांपैकी एक मानलं जातं. म्हणजे उणीव घरात होती आणि बाजारात स्वस्ताई होती.

क्वार्टरबॅकबद्दलही अंधार नव्हता. क्लबने सुमारे एक लाख डॉलर खर्चून अभ्यास करून घेतला होता आणि त्यात लुइव्हिल विद्यापीठाचा टेडी ब्रिजवॉटर हा सर्वांत योग्य ठरला होता, अशी बातमी ईएसपीएन वाहिनीने दिली. दुसऱ्या बाजूला टेक्सस ए अँड एमचा जॉनी मॅन्झेल. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक पहिल्याच वर्षाच्या विद्यार्थ्याने जिंकण्याचा पहिला मान २०१२ मध्ये त्याने मिळवला होता. मैदानावर जादूगार, उंचीने कमी, मैदानाबाहेरच्या रात्रींबद्दल सतत बातम्या. तो मोठ्या मैदानात टिकेल का, यावर पारख्यांचं एकमत नव्हतं. लोकांचं मात्र जवळजवळ होतं. मालक हॅस्लम यांनी नंतर एक किस्सा सांगितला: जेवायला बाहेर पडलेले असताना रस्त्यावरच्या एका बेघर माणसाने त्यांच्याकडे पाहून मॅन्झेलला घ्या म्हणून सांगितलं. एका पारड्यात एक लाख डॉलरचा अहवाल, दुसऱ्यात पदपथावरचा सल्ला. मालकांनी हा किस्सा हसत सांगितला असेल, पण सांगावासा वाटला हे महत्त्वाचं.

गुरुवार, रात्री ८

रेडिओ सिटीत दिवे लागले. भारतात शुक्रवारची पहाट, साडेपाच. ह्यूस्टनने पहिल्या पाळीत जडेव्हियन क्लाउनी घेतला, सेंट लुइसने ग्रेग रॉबिन्सन, जॅक्सनव्हिलने क्वार्टरबॅक ब्लेक बोर्टल्स. चौथी पाळी ब्राउन्सची. घड्याळ सुरू.

ब्राउन्सनी पाळी विकली. बफेलोने त्यांना आपली नववी पाळी दिली, शिवाय २०१५ ची पहिल्या फेरीची आणि चौथ्या फेरीची. बफेलोने चौथ्या क्रमांकावर कुणाला उचललं? सॅमी वॉटकिन्स, वाइड रिसीव्हर. कागदावर ब्राउन्सचा हा व्यवहार उत्तम होता, आणि आजही मी तो उत्तमच म्हणेन. पाच पायऱ्या खाली उतरण्याचं बक्षीस म्हणून पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला खेळाडू! रात्र इथेच थांबली असती तर फार्मर यांच्या नावाने टाळ्या वाजल्या असत्या.

नऊच्या सुमारास. आठवी पाळी

नववी पाळी हातात असताना फार्मरनी मिनेसोटाला पाचव्या फेरीची एक पाळी देऊन आठवी घेतली. एक पायरी वर चढायला. घाई कुणासाठी? ओक्लाहोमा स्टेटचा कॉर्नरबॅक जस्टिन गिल्बर्ट. वेगवान, उंचापुरा, यादीतल्या दुसऱ्या रकान्यात चपखल बसणारा. रकान्यावर बरोबरची खूण झाली.

इथे जरा थांबून पाहिलं पाहिजे, कारण चूक नेमकी कुठे झाली यावर अजूनही वाद घातला जातो. ब्राउन्सनी गरजेकडे दुर्लक्ष केलं असं म्हणता येत नाही. कॉर्नरबॅक हवा होता, कॉर्नरबॅक घेतला. पण यादीतला रकाना माणसाचं नाव लिहून भरत नाही. तो माणूस रोज सकाळी सरावाला येतो का, चित्रफिती पाहतो का, मार खाऊन परत उभा राहतो का, यावर तो भरतो. गिल्बर्टची क्लीव्हलंडमधली दोन वर्षं बहुतेक बाकावर गेली. साऱ्या कारकिर्दीत त्याच्या नावावर प्रतिस्पर्ध्याचा पास पकडल्याची नोंद एकच. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये त्याला पिट्सबर्गला देऊन सहाव्या फेरीची पाळी मिळाली, तीही दोन वर्षांनंतरची.

साडेनऊ ते दहाच्या दरम्यान

बाराव्या पाळीत न्यूयॉर्क जायंट्सनी लुइझियाना स्टेटचा रिसीव्हर ओडेल बेकम ज्युनिअर घेतला. तेराव्यात सेंट लुइस रॅम्सनी पिट्सबर्ग विद्यापीठाचा ॲरन डोनल्ड. डोनल्ड पुढे तीन वेळा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. आठव्या क्रमांकावर हे दोघेही उपलब्ध होते, पण त्याबद्दल एकट्या ब्राउन्सना बोल लावणं अन्याय आहे. बाराजणांनी डोनल्डला सोडलं होतं.

सोळावी पाळी डॅलस काउबॉइजची. टेक्ससचा मुलगा, टेक्ससचा संघ, आणि मालक जेरी जोन्स यांना मॅन्झेल मनापासून हवा होता, हे त्यांनी स्वतःच नंतर कबूल केलं. पण त्यांचा मुलगा स्टीव्हन आणि बाकीचे अधिकारी अडून बसले. क्वार्टरबॅक आपल्याकडे आहे, भिंत नाही, हे त्यांचं म्हणणं. मालकाने तोंड वाकडं केलं आणि नोत्र दामचा झॅक मार्टिन घेतला. पुढची अकरा वर्षं तो डॅलसच्या भिंतीत उभा होता आणि सात वेळा लीगच्या पहिल्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. डॅलसच्या खोलीत त्या रात्री एक गोष्ट होती: मालकाला नाही म्हणू शकणारा माणूस. स्वतःचा मुलगा असला तर बरं.

मॅन्झेल अजून ग्रीन रूममध्ये, म्हणजे नाव पुकारलं जाण्याची वाट पाहणाऱ्या खेळाडूंच्या खोलीत आहे. दर दहा मिनिटांनी कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर. तो पाणी पितो. पुन्हा कॅमेरा. पुन्हा पाणी.

ब्राउन्सच्या जुन्या चाहत्यांना हे दृश्य पाठ होतं. २००७ मध्ये याच संघाने तिसऱ्या क्रमांकावर जो थॉमस नावाचा टॅकल, म्हणजे भिंतीच्या कडेचा खेळाडू घेतला. त्या दिवशी थॉमस न्यूयॉर्कला आलाच नव्हता. वडिलांबरोबर मिशिगन सरोवरावर मासे पकडायला गेला होता. पुढे त्याने सलग १०,३६३ डाव एकदाही बाहेर न जाता खेळून काढले आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. त्याच दिवशी ग्रीन रूममध्ये कॅमेऱ्यापुढे तासन्‌तास घामाघूम झालेला क्वार्टरबॅक ब्रेडी क्विन होता. ब्राउन्सनी डॅलसशी व्यवहार करून त्याला घेतलं, बाविसाव्या क्रमांकावर. २०१२ मध्ये पुन्हा क्वार्टरबॅक घेतला, ब्रँडन वीडन. क्रमांक बाविसावाच. दोघेही फसले.

साडेदहाच्या पुढे. विसावी, एकविसावी पाळी

न्यू ऑर्लिन्सने पायऱ्या चढून ब्रँडिन कुक्स घेतला. आणखी एक रिसीव्हर गेला. ग्रीन बेने सेफ्टी, म्हणजे बचावातला सर्वांत मागचा खेळाडू घेतला. सव्विसावी पाळी ब्राउन्सची, म्हणजे अजून चार नावं मध्ये होती.

याच सुमारास ब्राउन्सचे क्वार्टरबॅक प्रशिक्षक डोव्हेल लॉगेन्स यांच्या फोनवर मॅन्झेलचा संदेश आला. ही हकिगत लॉगेन्स यांनीच काही दिवसांनी आर्कन्सॉमधल्या एका रेडिओ कार्यक्रमात सांगितली. लवकर मला घ्या, मला तिकडे यायचंय, आपण मिळून ही लीग उद्ध्वस्त करू, असा त्याचा आशय. लॉगेन्सनी तो संदेश मुख्य प्रशिक्षकाला आणि मालकाला पुढे पाठवला. त्यांच्या सांगण्यानुसार त्यावर मालकाचं उत्तर होतं, की चला, वर चढा आणि या पोराला घेऊन या.

निवडीच्या कागदावर अधिकार फार्मर यांचाच होता आणि निर्णयाची जबाबदारीही त्यांच्याच नावावर आहे. पण महिनोन्‌महिने चित्रफिती पाहून, मुलाखती घेऊन, अहवाल मागवून केलेल्या कामाचा शेवट एका मोबाइल संदेशाने व्हावा, हे वाचताना आजही हसावं की रडावं कळत नाही. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते हेच.

अकराच्या आत. बाविसावी पाळी

फिलाडेल्फियाला सव्विसावी आणि तिसऱ्या फेरीतली त्र्याऐंशीवी पाळी देऊन ब्राउन्सनी बाविसावी घेतली. सभागृहात एकच गलका. जॉनी मॅन्झेल मंचावर येताना दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर घासत आला. नोटा मोजण्याची ती त्याची प्रसिद्ध खूण. क्लीव्हलंडमध्ये लोक रस्त्यावर नाचले. त्याच्या नावाच्या जर्सी धडाधड खपल्या.

क्वार्टरबॅकच्या रकान्यावरही बरोबरची खूण झाली. यादीत सर्वांत वरची उणीव, वरून तिसऱ्या फेरीची किंमत मोजून, भरून निघाली.

मध्यरात्रीच्या आसपास. बत्तिसावी पाळी

पहिल्या फेरीतलं शेवटचं नाव मिनेसोटाने सिॲटलकडून पाळी घेऊन पुकारलं: टेडी ब्रिजवॉटर. अहवालातला पहिला माणूस बाविसाव्या पाळीनंतर आणखी नऊ पाळ्या तिथेच बसून होता. ब्रिजवॉटर काही महान खेळाडू ठरला नाही, एका भयंकर दुखापतीने त्याची वाट मोडली. पण दुसऱ्याच हंगामात त्याने मिनेसोटाला विभागाचं विजेतेपद मिळवून दिलं होतं.

शुक्रवार, ९ मे. दुसरी फेरी सुरू होण्याआधी

आदल्या रात्रीचा गुलाल अजून उतरलेला नाही आणि ईएसपीएनवर बातमी: जॉश गॉर्डन पुन्हा अमली पदार्थांच्या चाचणीत अडकला आहे, अख्खा हंगाम बाहेर बसण्याची शक्यता आहे.

माझ्या मते खरी दुर्घटना इथून पुढच्या काही तासांत घडली. मॅन्झेल हा जुगार होता. जुगार फसतो तेव्हा लोक हसतात, पण तो खेळावासा का वाटला हे समजू शकतं. तो नसता तरी कदाचित दुसरा कुणी फसला असता. त्या फेरीत तिसऱ्या क्रमांकावर गेलेला बोर्टल्सही अपेक्षेला उतरला नाही. शुक्रवारची गोष्ट वेगळी. आता काही झाकलेलं नव्हतं. लीगमध्ये पहिला आलेला रिसीव्हर हातचा जाण्याची चिन्हं आहेत, त्याच्यामागे कुणी नाही, नव्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला समोर हात हवेत, आणि दुसऱ्या फेरीत अजून अर्धा डझन चांगले रिसीव्हर नाव पुकारलं जाण्याची वाट पाहत बसलेत. फार्मर यांच्यापुढे एवढं सोपं गणित क्वचितच आलं असेल.

शुक्रवार, संध्याकाळ. पस्तिसावी पाळी

ब्राउन्सनी नेवाडा विद्यापीठाचा जोएल बिटोनिओ घेतला. गार्ड. ही निवड अप्रतिम होती हे आधी सांगून टाकतो. बिटोनिओ दशकाहून अधिक काळ क्लीव्हलंडच्या भिंतीत उभा राहिला आणि दोनदा लीगच्या पहिल्या सर्वोत्तम संघात गेला. त्या ड्राफ्टमधली ब्राउन्सची सर्वांत कमी गाजलेली नावं सर्वांत जास्त उपयोगी पडली, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

लगेच पुढची, छत्तिसावी पाळी ओकलंड रेडर्सची. त्यांनी डेरेक कार नावाचा क्वार्टरबॅक घेतला. पहिल्या सामन्यापासून तो खेळला आणि नऊ हंगाम त्या संघाचा क्वार्टरबॅक राहिला. म्हणजे बाविसाव्या क्रमांकासाठी धावपळ न करता स्वस्थ बसून राहिलं असतं, तरी तेरा पाळ्यांनंतर, काहीही जादा न देता, क्वार्टरबॅक मिळाला असता. अर्थात मग बिटोनिओ हुकला असता. ड्राफ्टचे हिशेब असे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून मी हा मुद्दा फार ताणत नाही.

ताणण्यासारखा मुद्दा यानंतरचा. त्रेपन्नावा: डावान्टे ॲडम्स, ग्रीन बे. एकसष्टावा: ॲलन रॉबिन्सन, जॅक्सनव्हिल. त्रेसष्टावा: जार्व्हिस लँड्री, मायामी. तिघेही रिसीव्हर, तिघेही पुढे लीगमधल्या निवडक तारकांच्या ‘प्रो बोल’ सामन्यासाठी निवडले गेले, आणि ॲडम्स तर आपल्या पिढीतल्या सर्वोत्तमांत गणला जातो. या नावांपर्यंत पोचण्यासाठी जी नाणी हातात लागतात त्यांपैकी एक, ती त्र्याऐंशीवी पाळी, आदल्या रात्री फिलाडेल्फियाला देऊन झाली होती. तरी उरलेल्यातून वर चढता आलं असतं. चढले नाहीत. एकाहत्तराव्याला लाइनबॅकर ख्रिश्चन कर्क्सी, चौऱ्याण्णवाव्याला रनिंग बॅक टेरन्स वेस्ट.

शनिवार, १० मे

चौथ्या फेरीत आणखी एक कॉर्नरबॅक, पिएर देझीर. आणि संपलं. तीन दिवसांत २५६ नावं पुकारली गेली. त्यांपैकी ब्राउन्सची सहा: दोन कॉर्नरबॅक, एक क्वार्टरबॅक, एक गार्ड, एक लाइनबॅकर, एक रनिंग बॅक. इतिहासातल्या सर्वांत भरघोस रिसीव्हरांच्या वर्षात, घरातला एकमेव मोठा रिसीव्हर जाण्याची चिन्हं दिसल्यानंतर, रिसीव्हर शून्य.

हा विसराळूपणा नव्हता, मत होतं. मोठा रिसीव्हर नसला तरी संघ जिंकू शकतो असं फार्मर मानत. मत म्हणून ते अगदीच चुकीचं नाही. न्यू इंग्लंडने असे हंगाम काढले होते. पण न्यू इंग्लंडकडे टॉम ब्रेडी होता. ज्याच्याकडे एकवीस वर्षांचा नवखा क्वार्टरबॅक आहे त्याने हे मत बाळगणं धाडसाचं. पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्येही फार्मरनी रिसीव्हर घेतला तो थेट चौथ्या फेरीत. ड्राफ्ट उरकल्यावर त्याच मे महिन्यात माइल्स ऑस्टिन या तिशीला टेकलेल्या, दुखापतींनी गांजलेल्या रिसीव्हरला करारबद्ध करण्यात आलं. बैल गेल्यावर झोपा केला, इतकंच.

त्यानंतर

गॉर्डनची शिक्षा अखेर दहा सामन्यांवर आली. होयरच्या हाताखाली संघ नोव्हेंबरमध्ये सात विजय, चार पराभव असा चक्क वरच्या घरात होता. मग घसरण लागली आणि १४ डिसेंबरला मॅन्झेलने पहिल्यांदा सामन्याची सुरुवात केली. घरच्या मैदानावर सिनसिनाटीकडून ३०-० असा पराभव. अठरा प्रयत्नांत दहा पास, ८० यार्ड, दोन चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात. सिनसिनाटीचे खेळाडू त्याच्याकडे पाहून बोटं घासत होते. संघाने शेवटचे पाचही सामने गमावले.

मॅन्झेलची क्लीव्हलंडमधली एकूण कमाई आठ सुरुवाती, दोन विजय. मध्ये तो व्यसनमुक्तीसाठी उपचार घेऊन आला, मार्च २०१६ मध्ये त्याला मोकळं करण्यात आलं आणि एनएफएलमध्ये तो पुन्हा कधी खेळला नाही. त्या मुलाची चेष्टा करणारे खूप झाले. एकविशीतल्या मुलाला मदतीची गरज आहे की मंचाची, हे पाहण्याची जबाबदारी मोठ्या माणसांची होती. फार्मर आणि पेटिन यांना ३ जानेवारी २०१६ ला काढलं गेलं. बफेलोकडून मिळालेल्या त्या सुंदर पाळीतून २०१५ मध्ये कॅमेरॉन अर्व्हिंग आला, तोही जम बसवू शकला नाही. अशा रीतीने वॉटकिन्सच्या बदल्यात मिळालेलं सगळंच वाया गेलं.

रिसीव्हरचा रकाना मात्र कुणाला तरी भरावाच लागला. मार्च २०१८ मध्ये ब्राउन्सनी मायामीला दोन पाळ्या देऊन जार्व्हिस लँड्रीला आणलं, जो २०१४ मध्ये त्रेसष्टाव्या क्रमांकापर्यंत उपलब्ध होता. मार्च २०१९ मध्ये ओडेल बेकम ज्युनिअरसाठी न्यूयॉर्क जायंट्सना पहिल्या फेरीची एक पाळी, तिसऱ्या फेरीची एक पाळी आणि जब्रिल पेपर्स हा तयार सेफ्टी असं सगळं दिलं. बेकमला नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी सोडून दिलं, आणि तीन महिन्यांनी त्याने रॅम्सकडून सुपर बोल जिंकला.